कार इन्शुरन्सचा रिव्ह्यू : प्रीमियम सोडा, अ‍ॅड-ऑनचा क्लॉज वाचा

कार इन्शुरन्सचे रिव्ह्यू बघायला गेलं तर बहुतेक लोक प्रीमियम किती बसला आणि अ‍ॅप कसं चालतं यावरच स्टार देतात. पैसे भरले, पाच मिनिटांत पीडीएफ मेलवर आली, झालं, फाइव्ह स्टार. पण पीडीएफ आली म्हणजे इन्शुरन्स वापरून बघितला असं होत नाही ना, म्हणून हा रिव्ह्यू मी क्लेम पूर्ण होऊन गाडी घरी आल्यावर लिहितेय, आणि त्या आधी पॉलिसीचं सगळं वर्डिंग शांतपणे वाचून काढलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एक तर काही गोष्टी त्यांच्याबद्दल चांगल्या नाहीयेत आणि दुसरं म्हणजे यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याही कंपनीच्या पॉलिसीला तसंच्या तसं लागू होतं.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली, चौथं वर्ष चालू, रोजचं रनिंग पुण्यात आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोकण. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान) आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही, त्यावर जास्तीचे पैसे भरून घेतलेले अ‍ॅड-ऑन, म्हणजे झिरो डेप (पार्ट जुना झाला म्हणून पैसे कापत नाहीत), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीसाठी) आणि रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत).

आधी प्रीमियमबद्दल, कारण चौथ्या वर्षी सगळ्यांनाच धक्का बसतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम भरावं लागतं, त्यामुळे मधली दोन वर्षं आपण फक्त ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग रिन्यू करत असतो आणि आकडा छोटा दिसतो. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी परत येऊन बसतं. माझ्या गाडीच्या गटाला, म्हणजे १००० ते १५०० सीसी, ते ३,४१६ रुपये आहे, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१ झाले. हा दर सरकार ठरवतं, २०२२ च्या जूनपासूनचा आहे, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच. त्यामुळे "आमच्याकडे स्वस्त" असं कुणी म्हणालं तर तो स्वस्तपणा फक्त ओन डॅमेजच्या भागात असतो, आणि तिथे स्वस्त करायचे दोनच सोपे रस्ते आहेत, आयडीव्ही खाली आणायची नाहीतर अ‍ॅड-ऑन काढून टाकायचे.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. त्याचा तक्ता ठरलेला आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लिस्टेड किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के वजा. पाच वर्षांच्या पुढे तुम्ही आणि इन्शुरन्स कंपनी मिळून ठरवायचं. मला रिन्यूअलच्या वेळी वेबसाइटवर आयडीव्हीचा स्लायडर आपोआप सगळ्यात खालच्या टोकाला लावून दाखवला होता, म्हणजे प्रीमियम कमी दिसावा म्हणून, आणि हे मला अजिबात आवडलं नाही. ज्या माणसाला आयडीव्ही काय ते माहीत नाही तो तसाच पुढे जाणार आणि वाचलेले चार-पाचशे रुपये बघून खूश होणार, आणि गाडी चोरीला गेली की पन्नास हजार कमी हातात येणार. मी तो सरकवून योग्य जागी आणला, फरक खरंच काहीशेंचाच पडला.

आता क्लेमवर येते कारण खरं सगळं तिथेच कळतं. कात्रजच्या चढावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि तो थोडा मागे घसरला, आमची गाडी मागे उभीच होती, डावी बाजू पुढून दाबली गेली. कुणाला लागलं नाही. पुढचा बंपर, डावा हेडलॅम्प, डावा फेंडर. कॉल सेंटरला फोन केला, क्लेम नंबर लगेच मिळाला, टोइंगची गरज पडली नाही, गाडी चालवत गॅरेजला नेली. कॅशलेस गॅरेज होतं, म्हणजे मंजूर पैसे कंपनी थेट गॅरेजला देते. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, दुसऱ्या दिवशी येऊन फोटो काढून गेला. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जून २०२४ मध्ये जो मास्टर सर्क्युलर काढलाय त्यात क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असं आहे, आणि माझ्या बाबतीत हे सगळं मुदतीत झालं, त्याचे पूर्ण मार्क.

गॅरेजच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरकडून मी असेसमेंट शीट, म्हणजे कशाचे किती धरले त्याचा कागद, मागून घेतली, ती प्रत्येकाने मागावी, देतात. आकडे टॅक्स धरून आणि थोडे गोल करून सांगते. बंपर ९,८००, हेडलॅम्प ७,२००, फेंडर ४,०००, पेंटिंग ८,०००, लेबर ३,५००, आणि क्लिपा, स्क्रू, कूलंट वगैरे किरकोळ ८५०. एकूण ३३,३५०. कंपनीने दिले ३१,५०० आणि मी भरले १,८५०. माझे १,८५० कशाचे, तर १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे ग्राहकाने स्वतः भरायचीच रक्कम, ज्याला गॅरेजवाले फाईल चार्ज म्हणतात, आणि ८५० ते क्लिपा-कूलंट, कारण मी कन्झ्युमेबल्सचा अ‍ॅड-ऑन घेतलेला नव्हता. ते हजार रुपये प्रत्येक क्लेमला जाणारच, १५०० सीसीच्या वर गाडी असेल तर २,०००, झिरो डेप असलं तरी. "झिरो डेप आहे म्हणजे खिशातून एक रुपया जाणार नाही" हे वाक्य आमच्या ओळखीच्या एजंटदादांनी पण ऐकवलं होतं, ते बरोबर नाही.

हेच झिरो डेप नसतं तर काय झालं असतं ते मी मुद्दाम त्या अ‍ॅडव्हायजरसोबत बसून काढलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पार्टवर घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याने कमी झालेली किंमत, कापतात आणि त्याचा तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर सरळ ५० टक्के, गाडी एक महिन्याची असो की दहा वर्षांची. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. बाकी धातूच्या पार्ट्सवर गाडीच्या वयाप्रमाणे, सहा महिन्यांपर्यंत शून्य, मग ५, १०, १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत ४० आणि दहाच्या पुढे ५०. पेंटिंगमध्ये फक्त रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के, आणि बिल एकत्र असेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के मटेरियल धरतात. म्हणजे माझ्या बिलात बंपरचे ४,९०० गेले असते, हेडलॅम्प आजकाल प्लास्टिकमध्ये धरतात त्यामुळे त्याचे ३,६००, फेंडरचे १,०००, पेंटचे १,०००. झाले १०,५००. ते आणि वरचे १,८५० मिळून १२,३५० रुपये माझ्या खिशातून, तेही ३३ हजारांच्या बिलात, आणि पॉलिसीवर मात्र मोठ्या अक्षरात कॉम्प्रिहेन्सिव्ह लिहिलेलं. आजच्या गाड्यांचा पुढचा-मागचा सगळा भाग प्लास्टिकचाच आहे, शहरात ठोकर लागते ती तिथेच लागते, त्यामुळे पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावंच असं माझं स्पष्ट मत आहे. मला त्याचे साधारण दोन हजार जास्त पडले होते.

पण झिरो डेपचा क्लॉज सुद्धा वाचायचा, नुसतं नाव नाही. माझ्या पॉलिसीत लिहिलंय की वर्षात दोनच क्लेमना हे लागू, आणि टायर, ट्यूब, बॅटरीला लागू नाही. म्हणजे तिसरा क्लेम आला तर तो मिळेल पण घसारा कापून. दुसऱ्या एका कंपनीची क्वोट मी बघितली होती त्यात क्लेमच्या संख्येला मर्यादा नव्हती पण प्रीमियम जास्त होता. दोघांच्या वेबसाइटवर नाव एकच, झिरो डेप, टिकमार्क पण तसाच हिरवा. मूळ पॉलिसीचं वर्डिंग २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेलं आहे आणि बहुतेक कंपन्यांमध्ये अजून जवळपास तेच दिसतं, त्यामुळे तिथे तुलना करून फार काही हाती लागत नाही. फरक आहे तो अ‍ॅड-ऑनमध्ये. तिथे प्रत्येकाने आपापल्या अटी लिहिल्यात आणि विकताना त्या कुणीच सांगत नाही. मी पॉलिसी घेण्याआधी चॅटवर विचारलं होतं की झिरो डेपमध्ये काय धरलेलं नाही ते लिहून पाठवा, तर तिकडून परत परत "सर, इट कव्हर्स एव्हरीथिंग" याच अर्थाचं उत्तर. शेवटी पॉलिसी शेड्यूलवर प्रत्येक अ‍ॅड-ऑनसमोर एक लांब यूआयएन नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवरच्या डाउनलोड सेक्शनमध्ये शोधला की त्या अ‍ॅड-ऑनचं पूर्ण वर्डिंग मिळतं, तसं मिळवलं. हे ग्राहकाला स्वतः खणून काढावं लागू नये, इथे मी कंपनीचे सरळ मार्क कापते.

इंजिन प्रोटेक्टबद्दल जरा जास्त लिहिते कारण पावसाळ्यात यावरूनच सगळ्यात जास्त गैरसमज बघितलेत. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मावसभावाची गाडी त्यात होती. सीटच्या वर पाणी. आजूबाजूचे लोक दोन टोकाची बोलत होते, एक म्हणे पुराचं इन्शुरन्सवाले देतच नाहीत, दुसरा म्हणे कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना मग सगळंच मिळतं. दोन्ही चूक. पूर, वादळ, गारा, भूकंप, दरड कोसळणं, दंगल, आग, चोरी हे सगळं मूळ कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येच आहे, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, घाटात वरून दगड आला तरी आहे. त्यामुळे गाडीत पाणी गेलं, सीट, वायरिंग, कार्पेट, इलेक्ट्रॉनिक्स खराब झालं ते मिळतं, घसारा कापून.

इंजिन मात्र वेगळं. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असताना चावी फिरवून स्टार्ट मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, ज्याला हायड्रोलॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असतं की हे नुकसान पुराने नाही झालं, पूर येऊन गेल्यावर तुम्ही गाडी चालू केली त्याने झालं, म्हणून ते कॉन्सिक्वेन्शियल लॉस, म्हणजे नंतर ओघाने झालेलं नुकसान, आणि एक्सक्लुजनच्या, म्हणजे पॉलिसीत न धरलेल्या गोष्टींच्या, यादीत कॉन्सिक्वेन्शियल लॉस, घसारा, झीज, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल बिघाड हे सगळे एकाच वाक्यात बसलेत. वाचताना डोळा त्यावरून सहज निसटतो इतकं साधं वाक्य आहे, आणि इंजिनचं बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. भावाने गाडीला हात लावला नाही, पाणी उतरेपर्यंत थांबला, बॅटरीची वायर गॅरेजवाल्याकडून काढून घेतली, क्रेनने उचलून नेली, सगळं ऑइल काढून साफ केल्यावर इंजिन ठीक निघालं, आणि त्याच्याकडे इंजिन प्रोटेक्ट नसताना पण क्लेम व्यवस्थित बसला. क्रेनचे मात्र पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात आणि त्या दिवसात क्रेनवाले काय मागत होते ते पुणेकरांना सांगायला नको. असं नुकसान खूप मोठं असेल, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर गाडी टोटल लॉस धरतात आणि दुरुस्त न करता आयडीव्ही देतात, आणि मग पहिला तो आयडीव्हीचा स्लायडर कुठे ठेवला होता ते महत्त्वाचं ठरतं.

माझ्या इंजिन प्रोटेक्टमध्ये पाणी शिरून आणि गाडीखालून काही लागून ऑइल गळून झालेलं इंजिन-गिअरबॉक्सचं नुकसान धरलंय. पण खाली अट आहे की पाणी शिरल्याचं कळल्यावर तुम्ही नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे. ही "वाजवी काळजी" म्हणजे नक्की काय हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला या पॉलिसीतली सगळ्यात खटकलेली ओळ हीच. मुंबईत चेंबूरला किंवा हिंदमाताला चालू गाडी पाण्यात बंद पडली आणि माणसाने घाबरून एकदा स्टार्ट मारला तर ती काळजी न घेणं धरायचं का? ज्या गोष्टीसाठी ग्राहक जास्त पैसे देतो तिचीच व्याख्या धूसर ठेवायची हे बरोबर नाही. मी ईमेलवर विचारलं, उत्तर आलं की सर्व्हेअरच्या रिपोर्टवर अवलंबून. ते ईमेल मी जपून ठेवलंय. अ‍ॅड-ऑन असला तरी पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि फोन करायचा, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

बाकीच्या एक्सक्लुजनपैकी दारू पिऊन चालवणं आणि लायसन्स नसणं हे सगळ्यांना माहीत असतं. लायसन्सच्या बाबतीत एक चांगली गोष्ट जी फार कुणाला माहीत नाही, लर्निंग लायसन्सवाला चालवत असेल आणि नियमाप्रमाणे शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवायला बसलेला असेल, एल बोर्ड लावलेला असेल, तर ते पॉलिसीत चालतं. मुलांना शिकवताना लोक घाबरतात म्हणून सांगितलं. उलट संपलेल्या लायसन्सवर बिनधास्त फिरणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात, तारीख बघा त्यांची.

वापराच्या मर्यादांचा परिच्छेद मात्र नीट वाचा. भाड्याने देणं, माल वाहून नेणं, रेस, स्पीड टेस्टिंग, गाड्यांच्या धंद्यासाठी वापर, हे सगळं बाहेर. माल म्हणताना नमुने आणि स्वतःचं सामान सोडून असं लिहिलंय, म्हणजे रत्नागिरीहून घरच्यासाठी चार पेट्या आंबा आणला तर ते आपलं सामान, पण सीझनला पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत मागची सीट पाडून विकायला पेट्या भरून आणल्या आणि खंबाटकीला अपघात झाला तर सर्व्हेअर फोटोत पेट्या मोजणार. तसंच ओळखीच्या लोकांना शनिवार-रविवार गाडी भाड्याने देणं. आमच्या ऑफिसमध्ये हे सर्रास चालतं आणि "मी तर फक्त पेट्रोलचे आणि वर थोडे घेतो" असं म्हणतात, त्या वरच्या थोड्यावरूनच वाद होतो.

नंतर बसवलेल्या वस्तूंचं पण बघा. बाहेरून सीएनजी किट बसवला असेल तर आरसीवर नोंद आणि पॉलिसीवर नोंद दोन्ही पाहिजेत, आणि त्याच्या किमतीच्या ४ टक्के वेगळा प्रीमियम असतो. बाहेरून लावलेला टचस्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर यांचं पण तसंच, शेड्यूलमध्ये त्यांची किंमत लिहिलेली नसेल तर चोरीला गेल्यावर त्याचे मिळत नाहीत. माझ्या गाडीत कंपनी फिटेड सोडून काही नाही त्यामुळे मला लागलं नाही. टायर नुसता फुटला तर नाही मिळत, गाडीला पण त्याच वेळी नुकसान झालेलं असेल तरच, आणि तेही निम्मे. खराब रस्त्यांमुळे साइडवॉल कापला गेला म्हणून क्लेमला जाणारे खूप आहेत, ते होणार नाही, त्याला टायरचा वेगळा अ‍ॅड-ऑन लागतो.

चोरीबद्दल एक महत्त्वाचं. एफआयआर ताबडतोब करायचा आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळवायचं, दोन्ही ओरिजिनल चाव्या लागतात, आणि पोलिसांचा गाडी सापडली नाही असा अंतिम रिपोर्ट आल्यावर पैसे मिळतात, त्याला वेळ जातो. कंपनीला उशिरा कळवलं एवढ्या एकाच कारणावरून क्लेम नाकारत असतील तर जानेवारी २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एफआयआर लगेच केलेला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. हे माहीत असणं कामाला येतं.

पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हरचे (अपघातात माणसाला काही झालं तर मिळणारे) १५ लाख म्हणजे गाडीतल्या सगळ्यांचे १५ लाख असं माझ्या सासऱ्यांना वाटत होतं. ते फक्त मालक-चालकाचे, ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याचे. गाडी त्यांच्या नावावर आणि चालवतो आम्ही, म्हणजे आम्हाला त्यातलं काही नाही. सोबत बसणाऱ्यांसाठी वेगळं कव्हर घेता येतं, माणशी २ लाखांपर्यंत, आणि त्याला खूपच कमी पैसे पडतात, तरी विकणारे त्याचा उल्लेखच करत नाहीत कारण त्यात त्यांना काही सुटत नसावं. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीचं कव्हर ५० रुपयांत येतं. पन्नास! नक्की टाका. आणि थर्ड पार्टीत माणसाच्या मृत्यू-दुखापतीला मर्यादा नाही, पण समोरच्याच्या गाडी-भिंतीच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे, महागड्या गाड्यांच्या शहरात हा आकडा माहीत असलेला बरा.

नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षात क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, फक्त ओन डॅमेजच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. आमच्या पॉलिसीवर ३५ चालू होता, क्लेम घेतला त्यामुळे पुढच्या वर्षी ४५ मिळायच्या ऐवजी शून्य. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ८,००० धरला तर ४५ टक्क्यांचे ३,६०० एका वर्षाचे गेले आणि परत वर चढायला पुढची वर्षं. ३१,५०० समोर हे परवडलं, पण चार हजारांच्या स्क्रॅचसाठी क्लेम करू नका, बाहेर ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे करून घ्या. हा बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, जुनी विकून नवीन घेताना तो सोबत नेता येतो, सर्टिफिकेट मागायचं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र गेला. सेकंड हँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. ओएलएक्सवरून गाडी घेऊन जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर वर्ष काढणारे माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन जण आहेत.

तक्रारीची वेळ मला पूर्ण आली नाही पण अर्धी आली. सर्व्हेअरने पहिल्या शीटमध्ये हेडलॅम्पचा ब्रॅकेट जुना तुटलेला आहे म्हणून काढून टाकला होता, मी अपघाताच्या आठवडाभर आधीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजनेच काढलेले फोटो दाखवले, मेलवर लेखी कारण मागितलं, दोन दिवसांत तो परत धरला. फोनवर बोलून काही होत नव्हतं, लेखी मागितल्यावर झालं. झालं नसतं तर पुढचा रस्ता असा, आधी कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला मेल, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल नाहीतर १५५२५५ नंबर, आणि महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाचं ऑफिस मुंबईत पण आहे आणि पुण्यात पण, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. माझ्या मते अजून खूप कमी लोक तिथपर्यंत जातात, नकाराचं पत्र आलं की बिचारे गॅरेजचं बिल भरून मोकळे होतात.

मार्क द्यायचे तर क्लेमचा वेग ५ पैकी ५, कॅशलेस गॅरेजचं काम ४, रंग किंचित वेगळा वाटतो उन्हात पण ठीक आहे. विकतानाचा खरेपणा २, त्या स्लायडरमुळे आणि चॅटवरच्या उत्तरांमुळे. वर्डिंगची स्पष्टता २, आणि वर्डिंग इंग्रजीतच आहे, निदान एक्सक्लुजनची दोन पानं तरी मराठीत द्यायला काय हरकत आहे, गाड्या काय फक्त इंग्रजी वाचणारेच चालवतात का. आता सोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट येते, तिच्यात गोष्टी बऱ्याच सोप्या आहेत, ती तरी सगळ्यांनी वाचा, पण अ‍ॅड-ऑनच्या बारीक अटी तिच्यात पण पूर्ण उतरत नाहीत.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. याच कंपनीकडे राहणार आहे, कारण क्लेम देताना त्यांनी त्रास दिला नाही आणि हे मला प्रीमियमपेक्षा महत्त्वाचं वाटतं. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट तसंच ठेवणार, कन्झ्युमेबल्स जोडणार कारण ते तीन-साडेतीनशेतच येतंय, सोबत बसणाऱ्यांचं कव्हर पाच जणांचं घेणार, रोडसाइड असिस्टन्स काढणार कारण गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून ते आधीच आहे. कुणी याच वर्षी चौथ्या-पाचव्या वर्षाची गाडी रिन्यू केली असेल तर तुमच्या झिरो डेपमध्ये क्लेमची मर्यादा किती लिहिलीये आणि इंजिन प्रोटेक्टच्या अटीत स्टार्ट मारण्याबद्दल काही स्पष्ट दिलंय का ते खाली लिहा, मी पण क्वोट घ्यायला सुरुवात केलीये.